टपोऱ्या डोळ्यांमागचा तुंबलेला पाट

१/ तान्ह्या बाळाचे टपोरे डोळे कौतुकाचे वाटतात. मात्र ते दिवसागणिक मोठे होत असतील, पाणावत असतील आणि उजेडात मिटत असतील, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो.

२/ डोळ्यातील द्रव बुबुळाच्या कडेच्या जाळीतून एका सूक्ष्म, वर्तुळाकार पाटात उतरून पुढे रक्तात मिसळतो. १८३० साली बर्लिनचे शरीररचनातज्ज्ञ फ्रीडरिश श्लेम यांनी फाशी गेलेल्या माणसाच्या डोळ्यात हा पाट पाहिला. तीच 'श्लेमची नलिका'.

३/ ही जाळी गर्भातच घडते आणि तिची घडण जनुकांच्या हाती असते. १९९७ मध्ये तुर्की कुटुंबांच्या अभ्यासातून 'सीवायपी१बी१' या जनुकातील दोष उघड झाला. त्यामुळे जाळीची वाढ अपुरी राहते, दाब चढतो आणि बाळाचा लवचीक डोळा ताणला जातो. पुढे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या संशोधकांना भारतीय रुग्णांतही तोच दोष आढळला.

४/ हा दोष आई आणि वडील अशा दोघांकडूनही यावा लागतो. म्हणून नात्यातील विवाहांत धोका वाढतो. पुण्याच्या इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात मराठी मुलखातील मामेबहिणीशी लग्नाची रीत नोंदवली, तेव्हा हे जनुक अज्ञात होते.

५/ गाव सोडून चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत आलेल्या माणसांसोबत त्यांची वंशावळही येते. तेव्हा ग्रहण पाळले नाही म्हणून आईला बोल लावू नये. बाळाला तातडीने नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे; वेळेवर शस्त्रक्रिया झाली, तर दृष्टी वाचू शकते.