डाऊन सिंड्रोम : नाव डोळ्यांवरून पडले, दृष्टीचे काय?

१/ इ. स. १८६६. इंग्लंडमधील अर्ल्सवुड आश्रमाचे वैद्यकीय अधीक्षक जॉन लँग्डन डाऊन यांनी विशिष्ट चेहरेपट्टीच्या काही मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. तिरकस डोळे आणि चेहऱ्याची ठेवण पाहून त्यांनी या मुलांना ‘मंगोल’ म्हटले. वंशाची ही कल्पना साफ चुकीची होती; नाव मात्र शंभर वर्षे टिकले.

२/ १९२४ मध्ये टॉमस ब्रशफील्ड यांनी बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावरील फिकट ठिपक्यांचे वर्णन केले. ठिपके निरुपद्रवी, पण निदानाची खूण म्हणून प्रसिद्ध झाले.

३/ खरे कारण १९५९ मध्ये पॅरिसमध्ये उलगडले. लेझून, गोतिए आणि त्युर्पँ यांनी या मुलांच्या पेशींत एक गुणसूत्र जास्त असल्याचे दाखवले : एकविसाव्याची तिसरी प्रत. पुढे १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने जुने नाव सोडले.

४/ या बाळांना दृष्टीचा खरा धोका वेगळाच असतो : जन्मजात मोतीबिंदू, काचबिंदू, तिरळेपणा, बुबुळांची थरथर, चष्म्याचा मोठा नंबर. इतर बाळांपेक्षा त्यांच्यात हे दोष अधिक आढळतात.

५/ घाई कशासाठी? १९६० च्या दशकात ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला. उघडल्यावर डोळा निरोगी होता. पण मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकलाच नव्हता. १९८१ मध्ये या दोघांना नोबेल मिळाले. दाट जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांतच का करावी लागते, ते यावरून कळते.

६/ तपासणी सोपी आहे. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्येच नेत्रदर्शक यंत्र बनवले होते. त्याचा प्रकाश टाकल्यावर निरोगी बाहुलीत लालसर चमक दिसते. मोतीबिंदू असल्यास ती झाकोळते किंवा पांढरी दिसते.

७/ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यातील आरोग्यस्थितींच्या यादीत डाऊन सिंड्रोम आणि जन्मजात मोतीबिंदू हे दोन्ही आहेत.

८/ यवतमाळ जिल्ह्यात, वणी तालुक्यातले राजूर हे कोळशाच्या खाणींचे गाव. अशा गावांतल्या अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणी पथक यावे, असा या कार्यक्रमाचा नियम आहे. पण मोतीबिंदू सहा महिने थांबत नाही. म्हणून पहिली तपासणी प्रसूतीच्या ठिकाणीच व्हायची असते आणि पुढचे सहा आठवडे आशा ताई घरी येऊन बाळ पाहतात. बाहुली पांढुरकी दिसली, तर पथकाची वाट न पाहता बाळाला लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे लागते.