बडोद्याचा कॅमेरा आणि जुना सभामंडप

आमच्या घरच्या पेटीत, देवस्थानच्या जुन्या हिशेबवह्यांखाली, एक लहानसे चौकोनी छायाचित्र सापडले. त्यात ग्रामदेवतेच्या देवळाचा जुना सभामंडप दिसतो: कौलारू छप्पर, कोरीव लाकडी खांब आणि उजव्या अंगास दीपमाळ. पाठीमागे पेन्सिलीने 1968 हे साल घातले आहे. पुढे जीर्णोद्धारात तो मंडप उतरविला गेला आणि खांब कोठे गेले हे आज गावात कोणीच सांगू शकत नाही. त्या मंडपाच्या रूपास सव्वादोन इंचांचा हा कागदच काय तो साक्षी उरला आहे.

छायाचित्र काढणारे आमचे चुलत आजोबा नोकरीनिमित्त बडोद्यास असत, आणि कॅमेराही त्यांनी तेथलाच आणला होता. हा योगायोग नव्हे. 1957 च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई पडून आयातीवर कडक निर्बंध आले. पोर्तुगीज अमलातील गोमंतकात परदेशी माल मिळत असे, पण भारतात जर्मन कॅमेरा म्हणजे श्रीमंतांचे काम होऊन बसले. इतरांनी कोणाचा तरी वापरलेला घ्यावा. अशा काळात बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीने जर्मनीतील आगफाच्या परवान्याने ‘क्लिक थ्री’ हा साधा कॅमेरा येथेच तयार केला. किती मध्यमवर्गीय घरांतील मुंजी, लग्ने आणि जत्रा त्याने टिपल्या याची गणती नाही!

आजोबांचा कॅमेरा हरवला होता. म्हणून आम्ही तसाच एक जुन्या बाजारातून घेतला. विक्रेत्याने ‘उत्तम चालू’ म्हणून शपथेवर सांगितले. घरी येऊन उन्हाकडे धरून पाहतो तो भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! आपल्या दमट हवेत हा रोग फार. वाचकांनी आमच्यासारखी घाई करू नये. पाठीमागचे झाकण उघडावे, उजेडाकडे तोंड करून कळ दाबावी, आणि पडदा क्षणभर उघडून पुरता मिटतो की नाही हे डोळ्यांनी पाहावे. ह्या यंत्रात बॅटरी नाही, स्प्रिंग आणि पत्रे एवढेच. त्यामुळे आमच्या गावच्या घड्याळजीने ते तासाभरात उघडून, पुसून, पुन्हा जोडून दिले.

नवल वाटते ते फिल्मचे. कोडॅकने 1901 मध्ये काढलेली ‘120’ जातीची गुंडाळी यास लागते, आणि ती आजही इंग्लंडात इलफर्ड कंपनी तयार करते. आपल्याकडे उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्समध्ये 1967 पासून ‘इंदू’ फिल्म निघू लागली होती. तो कारखाना आता बंद आहे. एका गुंडाळीत बारा चित्रे. मागच्या तांबड्या खिडकीतून आकडा पाहत हाताने फिल्म पुढे सरकवायची. फिरविण्याचा विसर पडला, तर यंत्र अडवीत नाही, एका चित्रावर दुसरे बसते. आमच्या पहिल्या गुंडाळीत पालखीच्या डोक्यावर आमच्याच अंगणातले तुळशीवृंदावन उभे राहिले.

पडद्याचा वेग एकच आणि मंद, म्हणून हात स्थिर हवा. महाजनांची परवानगी घेऊन आम्ही सकाळच्या उन्हात, कमरेचा आधार गडग्यास देऊन, जुन्या चित्रातील जागा शोधू लागलो. दीपमाळ जागची हललेली नाही. तिच्यावरून अंतर धरता आले. बारांपैकी चार चित्रे उतरली. त्यांपैकी एकात दीपमाळ अगदी जुन्या छायाचित्रातल्याप्रमाणे उजव्या अंगास आली आहे, आणि डावीकडे खांबांच्या जागी सिमेंटचे गिलावे आहेत. ते चित्र जुन्याच आकारात छापून घेतले, पाठीमागे साल आणि महिना लिहिला, आणि दोन्ही कागद एकत्र करून पुन्हा त्याच पेटीत ठेवले.