एडिसननं वाचवलेलं तांबं

आरव्हीवाल्यांच्या गप्पांत 'सर्ज', म्हणजे व्होल्टेजची उसळी, हा विषय निघाला की सगळ्यांच्या माना आभाळाकडे वळतात. फ्लोरिडात त्या वळल्या तर समजू शकतो. टँपा ते ओरलँडो पट्ट्यात उन्हाळ्याच्या दुपारी गडगडाट नेहमीचाच. पण मी इचलकरंजीचा. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि मागांच्या जळक्या मोटारी हातगाडीवरून दारात यायच्या. वडील झाकण काढून आत बघायचे. स्टारमधल्या मोटारीच्या दोन फेजची गुंडाळी काळीठिक्कर आणि तिसरी कोरी करकरीत दिसली, की मोटारवाल्यानं काहीही सांगो, एक फेज उडालेला असताना मोटार चालत राहिली होती. वीज पडून गेलेली मोटार क्वचितच यायची. निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायकोनं अमेरिकेत आरव्ही घेतली, म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाडच, तेव्हा इथंही तोच हिशोब दिसला. आतल्या वस्तू जाळणारा आभाळात कमी आणि कॅम्पग्राउंडच्या खांबावर जास्त असतो. त्याची कुळकथा थेट एडिसनपर्यंत जाते.

सुरुवातीच्या गाड्यांना हा त्रास नव्हता, कारण त्या कुणाची वीज घेतच नव्हत्या. पिअर्स-ॲरो कंपनीनं १९१० साली 'टूरिंग लँडो' काढली. तिच्यात मागची सीट उलगडून झोपायची सोय होती, हात धुवायचं बेसिन होतं, इतकंच काय, चालकाशी बोलायला टेलिफोन होता. मात्र रात्री मुक्कामी खांबाला वायर लावायचा प्रश्नच नव्हता. १९१९ मध्ये टँपाच्या डी-सोटो पार्कमध्ये 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही मंडळी एकत्र आली. रेडिएटरच्या टोपीवर पत्र्याचा डबा डकवायचा, ही त्यांची खूण. त्यांचा स्वयंपाक स्टोव्हवर आणि उजेड कंदिलाचा. वॉली बायमच्या एअरस्ट्रीम 'क्लिपर'मध्ये १९३६ साली विजेचे दिवे आले. तरी दिवे म्हणजे दिवे. ते मिणमिणले काय आणि भगभगले काय, नुकसान एका बल्बाचं.

खरा बदल १९६० च्या दशकात झाला. १९६२ मध्ये सिॲटलला जागतिक प्रदर्शन भरलं. तिकडे निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या माँटानातल्या बिलिंग्सवरून जात होत्या. त्या गर्दीतून तिथं नदीकाठी एक कॅम्पग्राउंड उभं राहिलं आणि त्यातूनच केओए ही कॅम्पग्राउंडची साखळी निघाली. १९६६ पासून आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत विनेबागो कंपनी मोटरहोम बनवू लागली, तीही असेंब्ली लाइनवर, मध्यमवर्गाला झेपेल अशा किमतीत. छपरावर एसी आला, मग मायक्रोवेव्ह, मग टीव्ही. मुक्कामाच्या ठिकाणी खांबाला केबल जोडणं ही चैन उरली नाही, ती गरज झाली. आता रोज संध्याकाळी नव्या गावात, कुणी केली ठाऊक नाही अशा वायरिंगला आपलं अख्खं घर जोडायचं. ज्यानं हे पहिल्यांदा केलं त्याच्या हिमतीला माझा नमस्कार.

आता एडिसन. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर १८८२ मध्ये त्यानं वीजघर सुरू केलं ते ११० व्होल्टच्या दोन तारांवर. एवढ्या कमी दाबानं वीज लांब न्यायची तर तार जाड लागते आणि तांबं महाग. त्यानं लगेच तोड काढली: दोन डायनामो एकापुढे एक जोडायचे आणि त्यांच्या मधून तिसरी तार काढायची. बाहेरच्या दोन तारांत २२० व्होल्ट, पण प्रत्येक बाहेरची आणि मधली यांच्यात ११०. गिऱ्हाइकाचा दिवा तोच राहिला आणि तांब्याची बचत झाली साठ टक्क्यांच्या वर. ४ जुलै १८८३ ला पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावात या पद्धतीनं दिवे लागले. इंग्लंडात जॉन हॉपकिन्सनलाही हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती. डीसी गेला, एसी (प्रत्यावर्ती प्रवाह) आला, पण अमेरिकेच्या घराघरांत ती तीन तारांची मांडणी अजून तशीच आहे. व्होल्टेज तेवढं १२० आणि २४० झालं. कॅम्पग्राउंडचं ५० अँपिअरचं सॉकेट म्हणजे एडिसनचं हेच बिऱ्हाड, त्यात अर्थिंगच्या चौथ्या पिनेची भर.

मधली तार, म्हणजे न्यूट्रल, जागेवर आहे तोवर सगळं सुरळीत. ती सुटली की गणित फिरतं. समजा एका बाजूला १२०० वॉटचा हीटर लावलाय, दुसऱ्या बाजूला १२० वॉटचा टीव्ही. न्यूट्रल गेला की दोघं एकामागे एक जोडले जातात आणि २४० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी अशी, की हीटरच्या वाट्याला जेमतेम २२ व्होल्ट आणि टीव्हीच्या वाट्याला २१८. हीटर कोमट होतो आणि टीव्हीतून धूर निघतो. ब्रेकर पडत नाही, कारण करंट दोन अँपिअरसुद्धा नसतो. ब्रेकरच्या लेखी सारं आलबेल. आमच्या गल्लीत तीन फेजच्या खांबावर हाच प्रकार व्हायचा. वायरमन वर चढून 'न्यूट्रल गेलाय' असं ओरडायचा, तोवर दोन-चार घरांतले रेडिओ गेलेले असायचे.

हे कॅम्पग्राउंडवर जास्त घडतं, याचं कारण साधं आहे. घरातल्या ड्रायरचा प्लग एकदा लावला की वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. खांबावरचं सॉकेट मात्र हंगामात रोज कुणीतरी उपसतं आणि कुणीतरी ठोसतं, तेही बऱ्याचदा ब्रेकर बंद न करता. आतली पट्टी सैल पडते, ठिणग्यांनी काळवंडते, पावसात गंजते, आणि भर जुलैत एसीच्या लोडखाली तापून एक दिवस हात वर करते. मी आधी सॉकेटचं तोंड बघतो. प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं तर सरळ ऑफिसात जाऊन दुसरी जागा मागतो.

तीस अँपिअरची गोष्ट वेगळी आणि जरा विनोदी आहे. ३० आणि ५० मधलं अंतर वीस अँपिअरचं वाटतं. प्रत्यक्षात ३० चं सॉकेट ३६०० वॉट देतं आणि ५० चं, दोन्ही बाजू मिळून, १२,०००. तीसवाल्याला एकच १२० ची बाजू असते. घोळ होतो प्लगमुळे. टीटी-३० हा ट्रेलरसाठीचा तीन पिनांचा प्लग, आणि कपड्यांच्या जुन्या ड्रायरचा १०-३० हाही तीन पिनांचाच. दोन्ही तीस अँपिअरचे, दोन्हींच्या पात्या तिरक्या. फरक तिसऱ्या पिनेत आणि अर्थात व्होल्टेजमध्ये. ड्रायरला लागतात २४०. एखादा गृहस्थ घराच्या आवारात आरव्हीसाठी सॉकेट करून मागतो, इलेक्ट्रिशियन तीस अँपिअर आणि तीन पिना बघतो, आणि सवयीनं दोन पोलचा, म्हणजे २४० व्होल्टचा, ब्रेकर टाकून मोकळा होतो. पहिल्याच रात्री बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, फ्रिजचा बोर्ड, सगळं एकदम जातं. १९९६ च्या राष्ट्रीय वीज नियमावलीनं नव्या ड्रायरसाठी चार तारा सक्तीच्या केल्या, तेव्हापासून नव्या घरांतून १०-३० हद्दपार झाला. हातांची सवय मात्र नियमावलीनं जात नाही.

व्होल्टेजच्या उसळीवर एक उतारा जपानहून आला. मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर तयार केला आणि १९७२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं तो एमओव्ही या नावानं अमेरिकेत विकायला काढला. बोटाच्या पेरापेक्षा लहान चकती. नेहमीच्या व्होल्टेजला ती जवळजवळ काहीच वाहू देत नाही. व्होल्टेज उसळलं की क्षणात वाट मोकळी करून देते. पण ती बंधाऱ्याचा सांडवा आहे: घटकाभराचा पूर काढून देईल, नदीनंच पात्र बदललं तर काय करणार? तासभर २१८ व्होल्ट आले तर चकतीच जळते. प्रत्येक झटक्यानं ती थोडी झिजतेही, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून खांब आणि केबल यांच्यामध्ये लावायची संरक्षक पेटी दुकानात स्वस्तातली, नुसत्या एमओव्हीची घेणाऱ्याला मी टोकतो. तीत न्यूट्रल गेल्याचा इलाज नाही.

इलाज आहे तो रिले असलेल्या पेटीत. ती आधी तपासते, मग जोडते: अर्थिंग आहे का, न्यूट्रल आहे का, उलटसुलट जोडणी तर नाही. सर्रास मिळणाऱ्या एका पेटीत व्होल्टेज १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर गेलं की गाडीची जोडणी तोडली जाते. १०४ ची खालची मर्यादा हवीच, कारण जुलैच्या दुपारी सगळ्या ओळीचे एसी एकदम लागले की व्होल्टेज खचतं आणि कॉम्प्रेसर जास्त करंट ओढून तापतो. वीज परत आल्यावर पेटी दोनेक मिनिटं थांबते; तेवढ्यात कॉम्प्रेसरमधला दाब समान होतो आणि तो अडकत नाही. बायको दर मुक्कामाला आतून विचारते, "अहो, लागला का नाही अजून?" मी म्हणतो, पेटी विचार करतेय.

अर्थिंग नसण्याचा धोका वस्तूंना नाही, माणसाला आहे. ॲल्युमिनियमच्या ट्रेलरची अर्थिंग तुटली आणि आत कुठं गळती असली की सगळं अंगच जिवंत होतं. आतल्याला काही जाणवत नाही, ओल्या गवतावर उभं राहून दाराची मूठ धरणाऱ्याला शॉक बसतो.

नियमावलीत आरव्हीसाठी स्वतंत्र कलम आहे, ५५१. गाडी बनवणाऱ्यानं आणि पार्क बांधणाऱ्यानं काय करायचं ते त्यात बारकाईनं लिहिलंय. पण ती बघते बांधकामाच्या वेळी. वीस उन्हाळे झिजलेल्या सॉकेटची जबाबदारी पार्कमालकाच्या मनावर, आणि म्हणून अखेर प्रवाशाच्या खिशावर येऊन पडली, हे मला पटत नाही. ५० अँपिअरच्या चांगल्या पेटीला काही शे डॉलर पडतात. त्यातही ती खांबापाशी बाहेर लटकते, त्यामुळे चोरीला जाते. पेटीला कुलूप लावायची कडी देण्याची वेळ बनवणाऱ्यांवर आली. शहाणी माणसं ती गाडीच्या आत, केबल जिथं शिरते तिथं, कायमची बसवून घेतात. आम्हीही तसंच केलंय.