जर्द्याची पारख

बालाघाटच्या जंगलपट्ट्यात पूर्वी रोख पैसा यायचा तो तेंदूपत्त्यातून. भर उन्हाळ्यात पान तोडायचं, पन्नास-पन्नास पानांच्या गड्ड्या बांधून फडावर मोजून द्यायच्या. १९६४ साली मध्य प्रदेश सरकारनं पानाचा व्यापार आपल्या हाती घेतला.

माझी आजी गोंदियाची, याच पानाच्या विड्या वळणारी. भिजवलेलं पान पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीनं कापायची, चिमूटभर जर्दा पसरून गुंडाळायची, तोंड मुडपून दोरा बांधायची. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. जर्दा मिसळूनच यायचा, निपाणीचा आणि गुजरातचा. नुसत्या वासावरून ती सांगायची, यंदा निपाणीचा हात आखडलाय. गिऱ्हाईक लेबल बघून कट्टा मागायचं खरं, पण त्याला धरून ठेवायची ती ही मिसळ.

आणि जर्द्याची ती भुकटी जन्मभर जिच्या नाकातोंडात गेली, तिच्याच मजुरीतून ‘छाट’, म्हणजे नापास, म्हणून विड्या वजा व्हायच्या. याचा मला आजही संताप येतो. १९६६च्या कायद्यानं घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं. आजीला ते कळलं फार उशिरा.