कपाटातले प्रबंध आणि ‘शोधगंगा’

१/७
१९१५ साली भीमराव आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठाच्या एम. ए. पदवीसाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर व अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला. तो प्रथम छापला गेला १९८९ मध्ये, महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात. मधली ७४ वर्षे तो सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेर होता.

२/७
बाबासाहेबांच्या लेखनाला अखेर प्रकाशक लाभला. इतर असंख्य प्रबंधांचे काय? टंकलेखनाच्या काळात कागदांमध्ये कार्बन घालून मोजक्याच प्रती निघत. प्रबंध पुस्तकरूपाने आला नाही, तर ग्रंथालयातली प्रत हाच त्याचा मुख्य आधार.

३/७
अशा प्रबंधांत काय दडलेले असते? आज हयात नसलेल्या माणसांच्या मुलाखती, धरणाखाली जाण्यापूर्वीच्या गावांची पाहणी, पुढे विखुरलेल्या खाजगी दप्तरांतील नोंदी. मूळ साधन नष्ट झाले की प्रबंधच साधन बनतो.

४/७
२००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. त्या प्रती गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात जमा होऊ लागल्या. आज तेथे ५ लाखांहून अधिक प्रबंध आहेत. मात्र नियमापूर्वीचे प्रबंध कागदावरच होते. त्यांचे अंकीकरण हे स्वतंत्र काम ठरले.

५/७
हे काम नुसते छायाचित्रणाचे नाही. आम्लयुक्त कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. बांधणी घट्ट असेल, तर आतल्या बाजूची अक्षरे दिसत नाहीत. कार्बनप्रतीची पुसट अक्षरे आणि शाईने हाताने लिहिलेले देवनागरी शब्द यंत्राला नीट वाचता येत नाहीत. लेखक, विषय, वर्ष यांची नोंद चुकली, तर स्कॅन केलेला प्रबंधही हरवल्यासारखाच.

६/७
दुसरा पेच हक्काचा. प्रत विद्यापीठाकडे असली, तरी स्वामित्वहक्क सामान्यतः लेखकाकडे असतो आणि भारतीय कायद्यानुसार तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून प्रबंध स्कॅन करून जपणे आणि तो जगाला खुला करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

७/७
ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि ब्रिटनमधील प्रबंधांची ‘ईथॉस’ ही सेवा दीर्घकाळ बंद पडली. तात्पर्य स्पष्ट आहे : स्कॅन झाले म्हणून कागदी प्रत रद्दीत काढू नये. संगणकातली प्रत वाचकापर्यंत पोहोचते. ती नाहीशी झाली, तर पुन्हा कपाटाकडेच वळावे लागते.