तीन प्रांत, एक गावकूस

अंतरवाली सराटी हे नाव 2023 च्या ऑगस्टपर्यंत जालना जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. 29 ऑगस्टला मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं, 1 सप्टेंबरला पोलिसांच्या काठ्या चालल्या आणि आमचं गाव देशभरच्या टीव्हीवर गेलं. तेव्हापासून एक शब्द पारावर, एसटीत, मिलच्या गेटवर सारखा कानावर येतो : हैदराबाद गॅझेट. 2 सप्टेंबर 2025 ला सरकारनं त्यावर जीआरही काढला. निजामाचं राज्य 1948 साली बुडालं, आणि कोण कुणबी अन् कोण मराठा हे आज त्याच्या दप्तरात शोधायचं!

ही मागणी बरोबर का चूक, हा माझा आजचा विषय नाही. मी रोलिंग मिलमध्ये पाळी करणारा माणूस. शाळा लवकर सुटली, पुढचं सगळं हाती लागेल त्या पुस्तकातून शिकलो. मला प्रश्न पडला तो एवढाच, की मेलेल्या राज्याचा कागद जिवंत का राहतो? आणि त्या कागदात आपण कुठं आहोत?

उत्तर साधं आहे. महाराष्ट्र हे एक घर म्हणून बांधलेलंच नाही. तीन घरांच्या भिंती जोडून ते उभं केलंय. पश्चिमेचा भाग इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातला. नागपूर-वऱ्हाड मध्य प्रांतातला, त्यातही वऱ्हाड आधी निजामाचा, 1853 साली इंग्रजांच्या ताब्यात गेलेला. आणि आपला मराठवाडा, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचा. 1 नोव्हेंबर 1956 ला हे तिन्ही भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. भाषा एक, पण जमिनीचे कायदे वेगळे, शाळा वेगळ्या, कचेरीची भाषा वेगळी.

आपल्या माणसालाही तीन प्रांतांत तीन दैवं मिळाली. मुंबई इलाख्यात 1923 साली बोल्यांचा ठराव झाला, 1927 ला महाड झालं. 1937 ला बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष निवडणूक लढवून कायदेमंडळात गेला. गिरणी होती, म्हणून गाव सोडून पोटाला लागायची सोय होती. अर्थात गिरणीतसुद्धा विणखात्याचं दार आपल्याला बंदच. धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपल्या तोंडाचा विटाळ! नागपूरला 1877 साली एम्प्रेस मिल निघाली. तिथला आपला कामगार लवकर शहाणा झाला. 1920 ची बहिष्कृतांची परिषद नागपुरात, 1942 चं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन नागपुरात, 1956 ची दीक्षा नागपुरात. हे काही आकाशातून पडलं नाही.

आणि मराठवाडा? वर निजाम, खाली जहागीरदार, देशमुख, पाटील आणि वेठ. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघालं ते उर्दूतून शिकवणारं. आपल्या लेकराला मराठीचं अक्षर मिळायची मारामार, तिथं उर्दू कुठली? तिकडं 1937 ला आपला माणूस मत देत होता, इकडं लोकांनी निवडलेलं सरकार ही गोष्टच नव्हती. तरी 30 डिसेंबर 1938 ला भाऊसाहेब मोऱ्यांनी कन्नडजवळ मक्रणपूरला परिषद भरवली आणि बाबासाहेबांना आणलं. 1950 ला बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. मुंबई-पुणं सोडून ते इथं का आले, याचं उत्तर या दोन ओळींतच आहे.

आता दोस्तांनो, थोडं लांब जाऊ. इंग्रजांनी अमेरिकेच्या काठावर वसाहती केल्या, त्यांची गोष्ट आपल्या कामाची आहे. ज्योतिबांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, 1972 साली पँथरनं नाव घेतलं तेही तिथल्याच काळ्या पोरांचं. म्हणजे हे नातं जुनं आहे.

त्या वसाहतीही आपल्या प्रांतांसारख्याच, एका भाषेच्या पण एकमेकींशी न पटणाऱ्या. व्हर्जिनिया 1607 ची, तंबाखूच्या मळ्यांची. मॅसॅच्युसेट्स 1630 ची, कडव्या धर्मवाल्यांची. तिथून रॉजर विल्यम्सला धर्ममतासाठी हाकललं, तर त्यानं 1636 साली शेजारी वेगळी वस्ती केली, तीच पुढं ऱ्होड आयलंड झाली. मेरीलँड आणि पेन्सिल्व्हेनिया हद्दीवरून इतके भांडले, की शेवटी मेसन आणि डिक्सन या दोन मोजणीदारांना 1763 पासून 1767 पर्यंत रेघ आखत बसावं लागलं.

1643 साली उत्तरेच्या चार वसाहतींनी एक करार केला. ऱ्होड आयलंडला आत घेतलं नाही, ते बंडखोर म्हणून. पण त्या करारात एक कलम होतं, ते वाचून मी थांबलो. एका वसाहतीतला नोकर पळून दुसरीत गेला, तर त्याला पकडून धन्याकडं परत द्यायचं. ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, त्यांचं ह्या एका गोष्टीवर पटलं!

1676 ला व्हर्जिनियात बेकनचं बंड झालं. त्यात काळे गुलाम आणि गोरे वेठकरी एका बाजूनं लढले. मळेवाले घाबरले. 1705 च्या गुलामीच्या कायद्यानं काळा खाली आणि गरीब गोरा त्याच्या एक पायरी वर, अशी उतरंड पक्की केली. आपल्याला ही उतरंड ओळखीची वाटते ना? आणि 1787 ला तेरा राज्यांची घटना लिहिली, तेव्हा उत्तर-दक्षिणेची तडजोड झाली ती अशी, की प्रतिनिधी ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. पळालेल्याला परत द्यायचं कलम त्या घटनेतही आलं. ज्यांची मोजणी चालली होती, ते त्या बैठकीत नव्हते.

आता इकडं या. 28 सप्टेंबर 1953 ला नागपूर करार झाला. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ, मराठवाडा यांच्या पुढाऱ्यांनी ठरवलं : पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा, मराठवाड्याकडं जास्त लक्ष द्यायचं, वर्षातून एकदा विधिमंडळ नागपुरात भरवायचं. वाईट काय आहे त्यात? काहीच नाही. पण त्याच 1953 साली मराठवाड्यात आपले भूमिहीन लोक पडीक-गायरान जमिनीसाठी सत्याग्रह करून तुरुंगात जात होते. करारात प्रांताला वाटा मिळाला. गायरानावर नांगर धरणाऱ्याला त्यात ओळ नाही.

बाबासाहेबांना हे दिसत होतं. 1955 साली भाषिक राज्यांवर लिहिताना त्यांनी मुंबई धरून महाराष्ट्राचे चार भाग सुचवले. मराठवाड्याला वाली नाही, हे त्यांनी त्यात मांडलं. त्याच्याही पुढं जाऊन सांगितलं, की भाषेच्या राज्यात एका मोठ्या जातीचं राज्य होण्याचा धोका आहे, आणि लहान जातींना त्यापासून संरक्षण पाहिजे. प्रांताचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न त्यांनी एका दाव्याला बांधला. आपण तो सोडवून दोन टोकांना नेला.

त्याची किंमत 1978 ला मोजली. 27 जुलैला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि मराठवाड्याची अस्मिता एकदम जागी झाली. अनुशेष होता, पाणी नव्हतं, रोजगार नव्हता. त्यासाठी ती अशी कधी पेटली नव्हती. आपली घरं जाळताना मात्र पेटली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंचा खून झाला. सोळा वर्षं लढून 14 जानेवारी 1994 ला मिळालं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोन्ही नावं एका पाटीवर.

मग मराठवाड्याची भाषा सोडून द्यायची का? नाही. अन्याय खोटा नाही. 1984 साली दांडेकर समितीनं अनुशेष रुपयांत मांडून दाखवला. जायकवाडीत पाणी सोडायचं का नाही, यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा दर दुष्काळात भांडतात. 2014 साली जलसंपत्ती प्राधिकरणानं 15 ऑक्टोबरला 65 टक्के साठ्याचा हिशेब घालून दिला. हे भांडण आपलंही आहे. धरण कोरडं पडलं तर पहिली मजुरी आपलीच बुडते.

पण दांडेकर समितीनं मोजणीला धरला तो जिल्हा. जिल्ह्याच्या सरासरीत गाव बुडतं, गावाच्या सरासरीत वस्ती बुडते. कॅनॉलचं पाणी जिल्ह्यात आलं म्हणजे भूमिहीनाच्या कोणत्या रानात आलं? टक्केवारी हे काय सांगणार!

कागदाचंही तसंच. प्रांतानुसार जात बदलते हे आज लोकांना नवीन वाटतंय, आपल्याला नाही. अनुसूचित जातींच्या जुन्या याद्या भागाभागाच्या होत्या. एक जात या भागात यादीत, शेजारच्या भागात यादीबाहेर. बहुतेक ठिकाणचं हे क्षेत्रबंधन 1976 च्या कायद्यानं काढलं. तोवर राज्य एक होऊन सोळा वर्षं झाली होती.

म्हणून माझं म्हणणं असं. करार कुणाचाही असो, प्रांताचा, पाण्याचा, आरक्षणाचा, तो शेवटच्या कलमापर्यंत वाचा. कोण सही करतंय ते बघा, आणि ज्याच्या जिवावर सही होतेय तो खोलीत आहे का ते बघा. आमच्या गावच्या मराठा कुणब्याची दोन एकर कोरडवाहू मी रोज बघतो. त्याच्याशी माझं वैर नाही. बेकनच्या बंडात दोघं एकत्र होते तोवरच मळेवाले घाबरले होते. पण एकत्र यायचं तर पायरी मोडून यायचं. तो एक पायरी वर अन् मी खाली, अशा एकीला मी मराठवाडा म्हणणार नाही.

आपल्या वस्तीच्या नोंदी काढा. गायरान किती, कुणाच्या ताब्यात, पट्टा कुणाच्या नावावर, 1953 ला आपल्या गावातून कोण तुरुंगात गेलं. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून लिहून ठेवा. निजामाच्या दप्तरात आपण नुसते वेठीचे हात होतो. पुढच्या दप्तरात काय असावं, ते आपल्याच हातानं लिहायचं आहे.

जय भीम.