सायकल सरावातील शक्तिमापनाची तफावत

सायकल सरावातील शक्तिमापनाची तफावत म्हणजे एकाच सायकलपटूने सारखेच श्रम केले असता घरातील ट्रेनरवर आणि बाहेर रस्त्यावर वॅटमधील नोंदी वेगवेगळ्या येणे. कधी दोन उपकरणांची मोजणी जुळत नाही, तर कधी सायकलपटू घरात खरोखरच कमी शक्ती निर्माण करतो. पहिल्या प्रकारात आकडा फसवा असतो, दुसऱ्यात तो खरा असतो. त्यामुळे दोहोंवरील उपायही भिन्न आहेत.

पार्श्वभूमी

जर्मन अभियंता उलरिच शोबेरर यांनी १९८६ च्या सुमारास क्रँकवर बसणारा एसआरएम हा पॉवर मीटर विकसित केला. पुढे हंटर ॲलन व अँड्र्यू कॉगन यांच्या लेखनामुळे 'एफटीपी' ही संकल्पना रूढ झाली. सुमारे तासभर टिकवता येणारी ही उंबरठा-शक्ती बहुधा २० मिनिटांच्या चाचणीतील सरासरीच्या ९५ टक्के धरली जाते आणि सरावाची तीव्रता तिच्याच टक्केवारीत ठरवली जाते. म्हणूनच लहानशी तफावतही महत्त्वाची ठरते. रस्त्यावर पायडलमधील मीटरने उंबरठा २५० वॅट ठरला आणि ट्रेनर पाच टक्के कमी दाखवत असेल, तर ट्रेनरवर २३८ वॅटला केलेला 'उंबरठ्याखालचा' सराव प्रत्यक्षात उंबरठ्यावरचाच असतो. असे आठवडेच्या आठवडे चालल्यास थकवा साचतो आणि त्याचे कारण मात्र ध्यानात येत नाही.

उपकरणांमुळे येणारा फरक

शक्ती हा टॉर्क आणि कोनीय वेग यांचा गुणाकार असतो. तो कोठे मोजला जातो यावर आकडा अवलंबून राहतो. पायडल किंवा क्रँकमधील मीटर साखळीच्या आधी मोजतो, तर मागचे चाक काढून जोडायचा ट्रेनर साखळीनंतर. साखळी व गिअरमध्ये सर्वसाधारणपणे दोन ते चार टक्के शक्ती घर्षणात जाते, म्हणून पायडलवर २५० वॅट असताना ट्रेनरने २४० ते २४५ दाखवणे स्वाभाविक आहे. उलट ट्रेनरचा आकडा सातत्याने जास्त येत असेल, तर दोहोंपैकी एक उपकरण चुकत असण्याची शक्यता मोठी असते.

केवळ डाव्या बाजूचे मीटर डाव्या पायाची शक्ती दुप्पट करून दाखवतात. डाव्या पायाचा वाटा ४८ टक्के असल्यास २५० वॅट २४० दिसतात. शिवाय हा वाटा थकव्याबरोबर बदलू शकत असल्याने ठरावीक गुणक लावून दुरुस्ती करता येत नाही. तापमानाचाही परिणाम होतो. उबदार घरातून सायकल थंड हवेत नेल्यावर धातू व स्ट्रेन गेज स्थिरावू देऊन मगच शून्य-निश्चिती करावी लागते. टायर रोलरवर टेकवण्याच्या ट्रेनरमध्ये टायरमधील हवा आणि रोलरवरील दाब यांची भर पडते.

शरीर व वातावरण

सायकल चालवताना शरीराची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के असते. म्हणजे २०० वॅट पायडलवर देताना ६०० ते ८०० वॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. रस्त्यावर ते काम वारा करतो. बंद खोलीत, विशेषतः मुंबईसारख्या ठिकाणच्या पावसाळी दमट हवेत, घाम सुकत नाही, हृदयगती चढत जाते आणि शक्ती घसरते. ट्रेनरवर सायकल डोलत नाही. हलक्या गिअरमध्ये फ्लायव्हीलचे जडत्वही कमी पडते, त्यामुळे पायाची चाल सपाट रस्त्यापेक्षा चढावासारखी भासते. याखेरीज रस्त्यावरील सरासरीत उतार आणि सिग्नलवरचे शून्य वॅट मिसळलेले असल्याने दोन्हीकडील सरासऱ्यांची थेट तुलना दिशाभूल करते.

निदान व उपाय

दोन वेगळ्या दिवसांच्या नोंदी ताडून काहीच सिद्ध होत नाही. मीटर बसवलेली सायकल ट्रेनरवर जोडून एकाच वेळी दोन्ही उपकरणांची स्वतंत्र नोंद घेणे हीच भरवशाची पद्धत आहे. शरीर गरम झाल्यावर १००, १५०, २००, २५० असे टप्पे प्रत्येकी काही मिनिटे चालवून त्यांच्या सरासऱ्या पाहतात. क्षणिक आकडे निरुपयोगी ठरतात, कारण अनेक ट्रेनर आलेख गुळगुळीत करून दाखवतात. फरक सर्व टप्प्यांवर सारख्याच वॅटचा असेल तर शून्य-निश्चितीवर संशय घ्यावा. तो टक्केवारीत सारखा असेल तर साखळीतील घट किंवा मीटरचे प्रमाण, आणि वेळेनुसार वाढत असेल तर तापमान. दोन्ही उपकरणांची अचूकता ±२ टक्के असल्यास २५० वॅटला दहा वॅटचा फरक दोषाविनाही पडू शकतो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे दोन्हीकडे एकच मीटर वापरणे. 'पॉवर मॅच' सुविधेत ट्रेनर त्या मीटरच्या आकड्यानुसार आपला रोध बदलतो. उपकरणे जुळूनही घरातील शक्ती कमीच येत असेल, तर आधी मोठा पंखा लावावा आणि तरीही फरक उरल्यास घर व रस्ता यांसाठी दोन वेगळे उंबरठे ठेवावेत. घरातला आकडा लहान दिसतो म्हणून मीटरचे प्रमाण वाढवून घेण्याची पद्धत सदोष आहे. ते प्रमाण ज्ञात वजन टांगून तपासायचे असते.

आभासी शर्यती

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाची (यूसीआय) पहिली ई-स्पोर्ट्स जागतिक अजिंक्यपद स्पर्धा डिसेंबर २०२० मध्ये झ्विफ्ट या मंचावर झाली. अशा शर्यतींत पडद्यावरील वेग मुख्यतः शक्ती आणि शरीराचे वजन यांवरून काढला जातो, त्यामुळे तीन टक्क्यांची चूकही निकाल फिरवू शकते. म्हणून वरच्या स्तरावरील स्पर्धकांना ट्रेनरबरोबरच दुसऱ्या मीटरची नोंदही पडताळणीसाठी द्यावी लागते.